कुणाला वाईट वाटू नये म्हणून

गेल्या सप्टेंबरात, डबे उघडायच्या जरा आधी, आमच्या कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्यवस्थापकांचा निरोप आला. टेबलांवरचे छोटे तिरंगे उद्यापासून ड्रॉवरमध्ये ठेवावेत, कुणाला वाईट वाटू नये. खाली हात जोडल्याची खूण. महिनाभरापूर्वी, पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी, हेच झेंडे त्यांनीच मोठ्या हौसेने प्रत्येकाच्या टेबलावर ठेवले होते.

मी हैदराबादच्या काचीगुड्यात एकतीस वर्षं हिशेब लिहितो. स्टेशनापासून चालत सात-आठ मिनिटांवर आमची कचेरी. माणसं पंचवीस : निम्मी तेलुगू, सहा-सात आम्ही मराठवाड्याकडचे, दोघं मारवाडी, तिघं मुसलमान. त्या निरोपातलं ‘कुणाला’ म्हणजे कोण, हे पंचवीसही जणांना कळलं. त्या तिघांना सर्वांत आधी.

झालं होतं असं. सतरा सप्टेंबर जवळ आला होता आणि दारावर फलक काय लावायचा यावरून दोन तट पडले होते. इतरत्र तारखेला एकच नाव असतं, आमच्याकडे ती नावं बदलत राहते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात हा मुक्तिसंग्राम दिन, सरकारी झेंडावंदनाचा. पलीकडे गुलबर्गा-बिदरला कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात २०२२ साली राज्य सरकारने तो राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून केला, तर त्याच सकाळी परेड ग्राउंडवर केंद्र सरकारने हैदराबाद मुक्ती दिन म्हणून. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने त्या नावाची अधिसूचनाही काढली. राज्यात सरकार बदललं होतं, त्या सप्टेंबरात राज्याच्या फलकावर प्रजापालन दिन आला. झेंडा तिन्ही वेळा तोच, भांडण नावाचं.

आमच्या कचेरीत एकाला ‘मुक्ती’ हवी होती, दुसऱ्याला ‘एकात्मता’. व्यवस्थापक तरुण आहेत, बाहेरगावचे आहेत, स्वभावाने गरीब. त्यांनी फलक रद्द केला आणि घाबरून झेंडेही आत टाकायला सांगितले.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी कामाला लागलो तेव्हा खासगी कचेरीला तिरंगा वर्षातून ठरावीक दिवशीच लावता यायचा. आमचा झेंडा कपाटात, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, किल्ली हेडक्लार्ककडे. तो नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा. उदगीरकडचा आमचा शिपाई तो असा हाताळायचा की जणू आईचं लुगडं. गाठ मारायची कलाही त्याचीच : ओढलं की सुटली पाहिजे आणि वाऱ्याने सुटता कामा नये. एका वर्षी तो रजेवर होता आणि गाठ दुसऱ्याने मारली. साहेब दोरी ओढताहेत, झेंडा वर पोटलीसारखा घट्ट, आणि खाली आम्ही सगळे नजर वर लावून, राष्ट्रगीत सुरू करावं की थांबावं या विचारात. शेवटी मारवाड्याच्या दुकानातून बांबू आणला.

हे दिवस बदलले ते एका कामाच्या जागेवरच्या झेंड्यामुळे. नवीन जिंदल अमेरिकेत शिकून आले होते. तिथे घरोघरी, दुकानोदुकानी झेंडे पाहिलेले. त्यांनी रायगडच्या आपल्या कारखान्यावर (आपलं कोकणातलं नव्हे, आता छत्तीसगडात असलेलं) तिरंगा लावला आणि बिलासपूरच्या आयुक्तांनी हरकत घेतली. प्रकरण न्यायालयात गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ साली जिंदलांच्या बाजूने निकाल दिला. दरम्यान २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ ला सांगून टाकलं की सन्मान राखून तिरंगा फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या हक्काचाच भाग आहे. २०२१ च्या डिसेंबरात पॉलिएस्टरचा झेंडाही चालेल असं ठरलं. टेबलावरच्या झेंड्याचं माप संहितेत दिलं आहे, १५० बाय १०० मिलिमीटर. आमचे तेवढेच होते. पॉलिएस्टरचे. उदगीरच्या शिपायाला ते आवडले नसते, पण तो आता नाही.

म्हणजे कित्येक वर्षं एक माणूस कज्जा लढला, तेव्हा कुठे झेंडा टेबलापर्यंत आला. ड्रॉवरमध्ये जायला एक निरोप पुरला.

इंग्लंडात असलेला माझा भाचा म्हणतो, मामा, हे सगळीकडे चालतं. बेलफास्टच्या नगरपालिकेने ३ डिसेंबर २०१२ ला ठरवलं की सिटी हॉलवर ब्रिटनचा झेंडा रोज न लावता ठरावीक दिवशीच लावायचा, तर कित्येक आठवडे रस्त्यावर दंगा झाला. तिथे अर्ध्या गावाला तो झेंडा आपला वाटतो, उरलेल्या अर्ध्याला परक्यांचा. त्यांची अडचण मला कळते. आमच्या कचेरीत तसं काय होतं?

नव्हतंच, असंही मी म्हणणार नाही. काचीगुड्यापासून सुलतान बाजार चालत अर्ध्या तासावर. १५ ऑगस्ट १९४७ ला निजामाच्या राज्यात तिरंगा समारंभाने फडकवायला बंदी होती. स्वामी रामानंद तीर्थांनी ती मोडून सुलतान बाजारात झेंडा लावला आणि त्यांना अटक झाली. संस्थानचा झेंडा तेव्हा पिवळा, मधे कुलच्याचं गोल चिन्ह. माझे आजोबा कंधारकडचे. खादीचा एक तिरंगा त्यांनी ज्वारीच्या कणगीत लपवला होता, हे ऐकतच मी वाढलो. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी आमचं घर जाळलं, हेही. ते सांगताना आजीचा आवाज कधी चढत नसे, ती फक्त हातातलं काम थांबवत असे.

आमचे कॅशिअर उस्मानाबादकडचे. वीस वर्षं आम्ही शेजारी बसून जेवतो. त्यांच्या डब्यातली खट्टी दाल माझ्याकडे येते, माझी मेथी त्यांच्याकडे जाते. त्या दिवशी निरोप वाचून त्यांनी फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, “किने बोला मेरे कू बुरा लगता बोलके?”

मी गप्प राहिलो. मग ते बोलले, आणि जे बोलले ते वीस वर्षांत मी ऐकलं नव्हतं. फौजा आल्यानंतरच्या त्या सप्टेंबरात त्यांची आजी दोन मुलं घेऊन गावाहून इथे आली. घरातले पुरुष आले नाहीत. कधीच. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने तेव्हा गावोगाव फिरून अहवाल दिला, सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज. सर्वांत वाईट स्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड जिल्ह्यांची. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवलेला होता. आमच्या घरी ही बाजू कधी निघाली नाही, त्यांच्या घरी कणगीतला झेंडा नव्हता. आम्ही भाजी वाटून घेतली, ही गोष्ट घेतली नाही.

“फलक का पूछते तो बोलता था,” ते म्हणाले. “वो लफ्ज मेरे कू चुभता, झूट नक्को बोलूं. पन झंडा?” मग त्यांनी खिडकीकडे बोट केलं. चप्पल बाजार त्या बाजूला.

काचीगुड्यात वाढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. शोएबुल्ला खान ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवत. रझाकारांवर टीका करत आणि संस्थानाने भारतात विलीन व्हावं असं उघड लिहीत. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कामावरून घरी येताना चप्पल बाजाराजवळ त्यांच्यावर हल्ला झाला. हातही तोडले. तिशीसुद्धा उलटली नव्हती. फौजा यायला तेव्हा चार आठवडेही उरले नव्हते.

“उस आदमी का हात इसके वास्ते कटा,” कॅशिअर म्हणाले, “और मैं इसको ड्रॉवर में डालूं? मेरे नाम पे?”

दुपारी आम्ही दोघं आत गेलो. मी बोलायचं ठरवलं होतं, पण बोलले तेच, आणि तेही दोनच वाक्यं. पहिलं असं, की माझं वाईट वाटणं मला विचारून ठरवा. दुसरं, की सतराला झेंडावंदन करू, नाव ज्याचं त्याने मनात ठेवावं. व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. त्यांनी खरंच चांगल्या हेतूने केलं होतं, आणि तसं सांगायला लागले तर कॅशिअर म्हणाले, हौ, मालूम है.

नाव मनात ठेवण्याचं मला अजून पटलेलं नाही. मुक्ती हा शब्द माझ्या आजोबांचा आहे, तो मी फळ्यावर का लिहू नये? पण त्यांची आजी उंबऱ्यात उभी दिसली की खडू हातात राहतो. हा वाद मी स्वतःशी घालतो आहे, कचेरीत नाही.

बुधवारी सकाळी फळ्यावर एवढंच होतं : १७ सप्टेंबर, आठ वाजता झेंडावंदन, नंतर इडली. गाठ व्यवस्थित सुटली. झेंडूच्या पाकळ्या व्यवस्थापकांच्या डोक्यावर पडल्या आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यांनी त्या झटकल्या नाहीत.

आत आल्यावर त्यांनी आपला टेबलावरचा झेंडा ड्रॉवरमधून बाहेर काढला. स्टेपलर आणि शिक्क्यांच्या मधे पडून त्याला आडवी घडी पडली होती. कॅशिअरनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, कॅशबुकात ठेवून वरून तळहाताने दाबला आणि म्हणाले, शाम तक सीधा हो जाता.