तीन लाख पृष्ठदर्शने की तीनशे वर्गणीदार?

मराठी ब्लॉगमधून उत्पन्न मिळवू पाहणाऱ्या लेखकाला आज सर्वप्रथम जो सल्ला मिळतो तो असा, की ब्लॉग सुरू करावा, पंचवीस-तीस लेख चढवावेत, गूगलच्या अ‍ॅडसेन्स योजनेकडे अर्ज करावा आणि वाचकसंख्या वाढण्याची वाट पाहावी. हा सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो इंग्रजी वाचक आणि पाश्चात्त्य जाहिरातदार यांच्या बाजारात तयार झाला, आणि मराठीत तो जसाच्या तसा उचलला गेल्यामुळे या क्षेत्रातील कितीतरी चांगल्या लेखकांची उमेदीची वर्षे वाया जात आहेत, असे प्रस्तुत मासिकाचे स्पष्ट मत आहे. मराठी ब्लॉगच्या उत्पन्नाचा मुख्य आधार वाचकाची वर्गणी असावा आणि जाहिरात ही त्याला जोड असावी. हा क्रम उलटा लागल्याने केवळ पैशाचे नव्हे, तर लेखनाचेही नुकसान होते.

अ‍ॅडसेन्स ही २००३ मध्ये सुरू झालेली व्यवस्था ब्लॉगलेखक आणि जाहिरातदार यांच्यामध्ये मध्यस्थाचे काम करते. लेखक आपल्या पानावर जागा मोकळी ठेवतो, वाचकाने ते पान उघडताच त्या जागेसाठी जाहिरातदारांमध्ये क्षणार्धात संगणकीय लिलाव होतो आणि ज्याची बोली सरस ठरते त्याची जाहिरात तेथे झळकते. पूर्वी मोबदला प्रामुख्याने वाचकाने जाहिरातीवर केलेल्या क्लिकवर मोजला जाई; २०२४ च्या सुरुवातीपासून तो जाहिरात किती वेळा दिसली यावर मोजला जाऊ लागला. त्याच वेळी वाटणीचे सूत्रही उलगडून सांगण्यात आले, त्यानुसार जाहिरात विकत घेणाऱ्या यंत्रणेचे शुल्क वजा झाल्यावर उरलेल्या रकमेतील ८० टक्के लेखकाला मिळतात, म्हणजे गूगलच्याच यंत्रणेतून जाहिरात आली असल्यास जाहिरातदाराच्या शंभर रुपयांपैकी सरासरी ६८ रुपये लेखकापर्यंत पोचतात. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय मात्र पैसे हाती पडत नाहीत. या योजनेत हिंदीचा समावेश २०१४ च्या अखेरीस झाला आणि मराठीचा त्यानंतर काही वर्षांनी. तोवर मराठी पाने या व्यवस्थेसाठी पात्रच नव्हती. मराठी ब्लॉगलेखनाचे पहिले पर्व जवळजवळ पूर्णपणे हौसेवर चालले, त्यामागे हे एक ठोस कारण आहे.

पात्रता मिळाली म्हणून भाव मिळाला, असे मात्र झाले नाही. लिलावातील बोली ही पानाच्या वाङ्मयीन गुणवत्तेवर ठरत नाही. तो वाचक गिऱ्हाईक झाल्यास जाहिरातदाराला किती लाभ होईल, या अंदाजावर ती ठरते. गृहकर्ज, विमा, परदेशी शिक्षण, संगणकप्रणाली या मोठ्या बोलीच्या विषयांचे जाहिरातदार मराठी माणसाला गाठतात, पण बहुधा तो इंग्रजीत शोध घेत असताना; मराठी पानाच्या वाट्याला उरलेल्या, कमी बोलीच्या जाहिराती येतात. बोली वाचकाच्या ठिकाणावरही अवलंबून असल्यामुळे तेच मराठी पान लंडनमध्ये उघडले गेले तर साधारणतः अधिक मोल मिळवते आणि लातूरमध्ये उघडले गेले तर कमी. पृष्ठदर्शन म्हणजे एका वाचकाने एक पान एकदा उघडणे, आणि दर हजारी उत्पन्न म्हणजे अशा एक हजार पृष्ठदर्शनांमागे पडणारी रक्कम. केवळ हिशेबासाठी हे दर हजारी उत्पन्न ५० रुपये धरले, तर महिन्याला १५,००० रुपये मिळवण्यासाठी दरमहा तीन लाख पृष्ठदर्शने लागतात. वर्षाला ६०० रुपये वर्गणी देणारे वाचक असतील, तर तीच रक्कम तीनशे जणांतून उभी राहते.

तीन लाखांचा आकडा गाठण्याच्या धडपडीत लेखन कोणत्या दिशेला ओढले जाते, हे मराठी महाजालावर नजर टाकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नोकरभरतीच्या सूचना, निकालाच्या तारखा, पिकविम्याच्या याद्या, सरकारी योजनांचे अर्ज यांभोवती असंख्य संकेतस्थळे उभी राहतात. जून २०२४ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाल्यावर तर एकच शासननिर्णय शेकडो मथळ्यांखाली फिरू लागला. अशा माहितीची गरज खरी आहे, आणि ती नेमकेपणाने देणारा लेखक समाजाच्या उपयोगी पडतो; परंतु या गर्दीत नेमकेपणाला किंमत उरत नाही, कारण बक्षीस आधी प्रसिद्ध करणाऱ्याला मिळते. अर्जाची मुदत वाढल्याची खातरजमा न केलेली बातमी वाचून एखादी बाई एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला खेटा घालते, तेव्हा त्या पानावरील पृष्ठदर्शनांत एकाची भर पडलेली असते आणि तिच्या तुटीची नोंद कोठेही होत नाही. ज्या व्यवसायात वाचकाचे नुकसान आणि लेखकाचे उत्पन्न एकाच आकड्यात मिसळून जाते, त्या व्यवसायाने आपल्या पायाचा पुन्हा विचार करायला हवा.

या मार्गाचे भवितव्यही धोक्यात आहे. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या शोधयंत्रासाठी जी नवी धोरणे जाहीर केली, त्यांत वाचकाला काहीही नवे न देता केवळ शोधनिकालात वर येण्यासाठी मोठ्या प्रमाणावर मजकूर तयार करणे हा गैरवापर ठरवण्यात आला, मग तो मजकूर माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. इंग्रजी लेखांचे यांत्रिक भाषांतर करून रोज दहा मराठी लेख टाकण्याचा उद्योग या व्याख्येत सहज बसू शकतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतातील इंग्रजी आणि हिंदी शोधनिकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली तयार उत्तरे दिसू लागली. ज्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत संपते, तो प्रश्न विचारणाऱ्याला ब्लॉगपर्यंत जाण्याचे कारण त्यामुळे उरत नाही, आणि मराठी याला अपवाद आहे असे मानून व्यवसायाची आखणी करणे शहाणपणाचे नाही.

मग वर्गणी कोण देईल? ज्याचा प्रश्न दोन वाक्यांत संपत नाही, ज्याचे उत्तर दुसऱ्या भाषेत तयार मिळत नाही आणि ज्याला चुकीचे उत्तर महागात पडते, असा वाचक वर्गणी देतो. असे वाचक मराठीत आहेत, आणि ते विखुरलेले असले तरी थोडे नाहीत. सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव हे एक उदाहरण घ्यावे. तो बहुधा नोकरी सांभाळून हे बिनपगारी काम करतो. त्याला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, त्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी घातलेले स्वतंत्र प्रकरण, आदर्श उपविधी, लेखापरीक्षण, थकबाकीची वसुली आणि मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे विकासक जमीन नावावर करून देत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ती संस्थेच्या नावे करून घेण्याची कार्यवाही, एवढ्या गोष्टींशी झगडावे लागते. यांतील एकही प्रश्न अमेरिकी ब्लॉगच्या भाषांतराने सुटत नाही. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराची स्थितीही अशीच आहे. एप्रिलच्या खरडछाटणीपासून ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत आणि तेथून काढणीपर्यंत त्याचे निर्णय तिथीवार बदलत जातात, ढगाळ हवेत केवड्याचा प्रादुर्भाव झाला तर विचार करायला एक-दोन दिवसही मिळत नाहीत, आणि निर्यातीचा माल असेल तर कोणते औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे हा प्रश्न लाखो रुपयांचा असतो. मोडी लिपीतील जुने दस्तऐवज वाचू पाहणारे अभ्यासक आणि वारसाहक्काच्या कागदांत अडकलेली कुटुंबे हा आणखी एक वर्ग. अशा एका वर्गाची वर्षानुवर्षे, चिकाटीने आणि जबाबदारीने सेवा करणारा ब्लॉग तीनशे वर्गणीदारांपर्यंत पोचू शकतो. सर्व विषयांवर थोडे थोडे लिहिणाऱ्याला ते क्वचितच साधते.

अर्थात ललित लेखन करणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न येथे उरतोच, आणि त्याचे उत्तर इतके सरळ नाही. प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र किंवा कविता यांची निकड वाचकाला छाटणीच्या वेळापत्रकाइतकी वाटत नाही. तरीही दिवाळी अंकासाठी दरवर्षी आनंदाने पैसे मोजणारा वाचक मराठीत शतकाहून अधिक काळ टिकून आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही सवय चालत आली आहे. सुट्या लेखासाठी पैसे न देणारा वाचक आखलेल्या, संपादित आणि ठरल्या दिवशी हाती येणाऱ्या अंकासाठी देतो, ही गोष्ट ललित ब्लॉगलेखकांनी गांभीर्याने पडताळून पाहण्याजोगी आहे.

वर्गणीची यांत्रिक बाजू आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. यूपीआयवर ठरावीक काळाने आपोआप रक्कम वळती करण्याची सोय आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २०२२ च्या निर्णयानुसार १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहाराला एकदा संमती दिल्यावर दर वेळी वेगळा सांकेतिक क्रमांक भरावा लागत नाही. अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे तो वाचकांची यादी कोणाच्या ताब्यात असते हा. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅनेलवर हजारो अनुयायी असले तरी त्यांचे दूरध्वनी क्रमांक चालकाला दिसत नाहीत. समाजमाध्यमावरील अनुयायांचेही तसेच. म्हणून स्वतःच्या नावावर नोंदवलेला संकेतपत्ता आणि वाचकांनी स्वेच्छेने दिलेल्या ई-मेल पत्त्यांची यादी या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून लेखकाच्या हाती असाव्यात. ही यादी म्हणजे इतरांची वैयक्तिक माहिती आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यामागील तत्त्व हेच आहे, की ज्या कारणासाठी संमती घेतली त्याच कारणासाठी ती वापरावी. वर्गणीदारांची यादी एखाद्या शिकवणीवर्गाला किंवा जमीनविक्रेत्याला देणे हा वाचकाचा विश्वासघात आहे.

जाहिरातीचा सर्वाधिक नाजूक प्रकार म्हणजे प्रायोजित लेख, ज्यात एखादी संस्था पैसे किंवा वस्तू देऊन आपल्याविषयी लिहवून घेते. मराठीला हा प्रकार अपरिचित नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी काढलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात कारखान्याचे वार्तापत्र होते, आणि त्यातूनच पुढे मराठीतील एक अग्रगण्य मासिक घडले. पण ते कोणाचे आहे हे त्याच्या नावातच उघड होते. आज अडचण येते ती लपवाछपवीमुळे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याने जाहिरातदाराशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मराठी लेखाच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत एखादा शब्द टाकणे म्हणजे संबंध उघड करणे नव्हे. ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याजवळ, मराठीत आणि ठळकपणे यावा. आरोग्य आणि गुंतवणूक या दोन विषयांत तर अधिकच सावध राहायला हवे. मधुमेहासह अनेक रोगांवर औषधाचे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे, आणि सेबीकडे नोंदणी नसताना मोबदला घेऊन समभागांविषयी सल्ला देणे कायद्यात बसत नाही. मराठीत या दोन्ही विषयांवरील ब्लॉग विपुल आहेत, आणि त्यांच्या अनेक वाचकांना दुसरे मत घेण्याची सोय नसते, ही गोष्ट लेखकाने क्षणभरही विसरू नये.

करांविषयी थोडक्यात एवढेच, की सर्व मार्गांनी येणारे उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे लागते. परीक्षणासाठी आलेली आणि स्वतःकडे ठेवलेली वस्तूही त्यातून सुटत नाही, कारण वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक किमतीचे असे लाभ दिल्यास देणाऱ्याने १० टक्के कर कापण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झाली आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेल्यास वस्तू व सेवा कराच्या नोंदणीचा प्रश्न येतो, आणि परदेशी कंपनीकडून येणारी जाहिरातीची रक्कमही त्या उलाढालीत धरली जाते.

वर्गणी घेणाऱ्याने एक हिशेब मात्र कायद्याने विचारण्याआधीच मांडून ठेवावा. वाचकाने वर्षाची वर्गणी भरली त्या दिवशी लेखकाच्या खात्यात ६०० रुपये जमा होतात, पण त्यांतील ५५० रुपये अजून त्याने कमावलेले नसतात. पुढील अकरा महिन्यांच्या लेखनाचे ते वाचकाचे देणे असते. मराठीतील कितीतरी नियतकालिके बंद पडली तेव्हा वर्गणीदारांची उरलेली रक्कम परत गेली नाही, आणि त्या अनुभवाची कटुता पुढे नव्या नियतकालिकांना सोसावी लागली. म्हणून आगाऊ वर्गणी वेगळ्या खात्यात ठेवावी, दर महिन्याला त्या महिन्यापुरतीच रक्कम खर्चासाठी काढावी, आणि ब्लॉग थांबवावा लागल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे वर्गणीच्या पानावरच लिहून ठेवावे.