जुन्या जीपचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार आणि नवनिर्माण या दोन शब्दांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा शहाणा मनुष्य आधीं पाया पाहतो, मग गळणारें छप्पर पाहतो, आणि रंगरंगोटीस सर्वांच्या शेवटीं हात घालतो. जुन्या वाहनासही हाच क्रम लागू आहे. परंतु पुष्कळ घरीं तो उलटा झालेला दिसतो. वडिलोपार्जित जीप दुरुस्त करावयाचें ठरलें कीं प्रथम नवें रेक्झिन, मग जादा दिवे, मग गाणीं लावण्याचें यंत्र. आणि ज्या तारांवर हा सगळा डोलारा उभा राहावयाचा, त्या मात्र आजोबांच्या वेळच्याच! म्हणून या खेपेस हा विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जीप हें वाहन मूळचें अमेरिकन सैन्याचें. १९४१ पासून विलीस व फोर्ड या कारखान्यांनीं तें महायुद्धासाठीं लाखांच्या संख्येनें बांधिलें. १९४९ सालीं मुंबईस माझगांवीं महिंद्रा कंपनीनें जुळविलेली पहिली जीप बाहेर पडली. सैनिकांचें वाहन असल्यामुळें त्यांत ऐषआरामास जागा नव्हती, आणि विजेची व्यवस्थाही जेमतेमच होती. युद्धकालीन जीपमध्यें वीज ६ व्होल्टांची असे. पुढील गाड्यांत ती १२ व्होल्टांची झाली.

हा फरक किती मोठा, तें साध्या गणितानें कळेल. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२० वॅट. ६ व्होल्टांवर त्यांना २० अँपिअर प्रवाह लागेल, १२ व्होल्टांवर १०. प्रवाह निम्मा झाला कीं त्याच तारेंत उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति एकचतुर्थांशावर येते. जुनी तार का तापते आणि दिवे मिणमिणते का होतात, याचें उत्तर या हिशेबांत आहे.

आतां धोक्याची गोष्ट. विलीस घडणीच्या जीपमध्यें पेट्रोलची टांकी चालकाच्या आसनाखालींच असते. जुन्या तारांवरील कापडी किंवा रबरी वेष्टण काळानें ठिसूळ होऊन गळतें, आणि उघडी तार पत्र्याला घासली कीं ठिणगी उडते. ज्या गाडींत आपण मुलांबाळांना घेऊन बसतों, तिच्या आसनाखालीं पेट्रोल आणि शेजारीं ठिणगी! यापुढें रेक्झिनच्या रंगाचा वाद किती क्षुद्र आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

म्हणून तारा पूर्ण नव्या घालाव्या. तुकडे जोडून भागवूं नये. प्रत्येक शाखेस स्वतंत्र फ्यूज असावा, आणि बॅटरीकडून येणाऱ्या तारेवरचा फ्यूज बॅटरीच्या जवळच बसवावा. फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठीं आहे, असें बहुतेकांना वाटतें. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठीं आहे. तार सोसूं शकेल त्याहून मोठा फ्यूज घालणें म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली तेथेंच टांगून ठेवणें होय. पत्र्याच्या भोंकांतून तार नेतांना तेथें रबरी कडें अवश्य बसवावें.

मोठ्या दिव्यांचा सगळा प्रवाह बटणांतून फिरवूं नये. त्यासाठीं रिले नांवाचें लहानसें साधन मिळतें. पूर्वीं डाकेचे घोडे टप्प्याटप्प्यावर बदलत, त्यालाच इंग्रजींत हा शब्द होता. येथेंही तसेंच: बटणानें केवळ निरोप द्यावयाचा, आणि खरें ओझें बॅटरीपासून थेट आलेल्या जाड तारेनें वाहावयाचें. जुनें बटण जागच्या जागीं राहतें, आणि दिवेही उजळ होतात.

जुना डायनामो इंजिन मंद असतां फारशी वीज देत नाहीं. अल्टरनेटर तेव्हांही देतो. परंतु तो बसवितांना दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, बॅटरीचें कोणतें टोक सांगाड्याला जोडलें आहे तें. जीपमध्यें तें ऋण असतें. जुन्या लँड रोव्हर गाड्यांत मात्र धन असे. उलट जोडणी झाल्यास अल्टरनेटर तत्काळ जळतो. दुसरी, जुन्या अँपिअरमापकांतून सर्व प्रवाह जातो. मोठ्या अल्टरनेटरचा भार त्याला सोसेलच असें नाहीं. त्याऐवजीं व्होल्टमापक बसविणें बरें. ऋण टोक सांगाड्याला असेल तर काम करतांना तेंच आधीं सोडावें व शेवटीं जोडावें. नाहींतर पान्हा पत्र्याला लागून ठिणगी उडते.

तारांचें काम आटोपल्यावर अंतर्भागाकडे वळावें. रबरी चटई उचलून तळचा पत्रा पाहावा. गंज खरवडून, कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा, आणि पाणी निघून जाण्याचीं भोंकें मोकळीं ठेवावीं. उघड्या जीपमध्यें गालिचा अंथरूं नये. कोंकणच्या पावसांत तो पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा खातो. काथ्यानें भरलेल्या गाद्यांचाही तोच दोष. आसनपट्टे घालावयाचे तर त्यांचे खिळे नुसत्या पत्र्यांत न मारतां मागें जाड पोलादी पट्टी द्यावी; नाहींतर धक्क्याच्या वेळीं पट्टा पत्र्यासकट उपटून येईल.

कायद्याचेंही भान हवें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्याच्या मूळ तपशीलाशीं विसंगत फेरफार करूं देत नाहीं, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच बजाविलें आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील व मूळ स्वरूपांत राखलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली. तेव्हां सांगाडा, इंजिन किंवा आकार बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी.

एकत्र कुटुंबांत या कामावरून दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, ‘आमच्या बाबांची गाडी, तिला हात लावूं नका.’ तरुण म्हणतात, ‘सगळें नवें करूं.’ आमच्या मतें दोघांचेंही समाधान होण्याजोगें आहे. जें दिसतें तें जुनेंच राहूं द्यावें: तीं घड्याळें, तें चक्र, तीं बटणें. जें दिसत नाहीं तें नवें करावें: तारा, फ्यूज, जोडण्या. आणि बॅटरीजवळ एक मुख्य खटका बसवून, जीप उभी केल्यावर तो बंद करण्याचें काम घरांतील एखाद्या नातवाकडे सोंपवावें. खर्च थोडा; पण जुन्या वस्तूची जबाबदारी पुढच्या पिढीच्या हातीं देण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस तरी दिसत नाहीं.