उजवी मार्गिका कोणाची?

कळंबोलीहून द्रुतगती मार्गावर आलेली मोटार सर्वांत उजवी मार्गिका धरते आणि पुढे रस्ता मोकळा असो वा नसो, थेट किवळ्यापर्यंत ती सोडत नाही, हे दृश्य पनवेलकरांस नवे नाही. युती शासनाच्या काळात नितीन गडकरी यांनी हा सहापदरी मार्ग नेटाने उभा केला. २००२मध्ये तो पूर्णत्वास गेला. त्यावरील शिस्त मात्र निविदा काढून आणता येत नाही!

पुढील वाहनास मागे टाकावे आणि डावीकडे परतावे, एवढ्यासाठीच ती मार्गिका आहे. 'मी वेगमर्यादेतच आहे,' असे तेथे ठाण मांडलेले सुशिक्षित गृहस्थ सांगतात. मर्यादा पाळतात, त्याबद्दल अभिनंदन. पण मागच्यास धडा शिकवण्याचे काम त्यांच्याकडे कोणी सोपवले? अडलेला चालक मग डावीकडून, अवजड वाहनांच्या फटीतून घुसतो आणि उंचावर बसलेल्या ट्रकचालकास तो दिसेलच असे नाही. बोरघाटात तर एक भरलेला ट्रक तशाच दुसऱ्यास मागे टाकू पाहतो, उजवीकडे असा एखादा संथ गृहस्थ असतो आणि तिन्ही मार्गिका तुंबतात. मागे रुग्णवाहिका असली तरीही.

२०१९च्या कायदादुरुस्तीने वाहनचालन नियमांच्या भंगास ५०० ते १००० रुपये दंड ठेवला आहे. २०२४मध्ये या मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणाही आली. परंतु संघस्थानावर रांगेतले अंतर राखण्यास शिकलेल्यांना कॅमेऱ्याची गरज का भासावी? त्यांच्याही मोटारी सुट्टीच्या दिवशी याच मार्गाने पुण्यास जातात. मागच्याने दिवा दाखवताच डावीकडे होण्याची सुरुवात त्यांनीच करावी, आणि ती येत्या रविवारी.