सनद मिळाली, पुढे काय?

आपल्या वस्तीत कोणी एलएल.बी. झाले की बुद्धविहारात सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, भाषणे होतात. मग कोर्टात जाणे सुरू होते आणि घरात एकच प्रश्न उठतो, पगार किती? वकिलीत सुरुवातीला बांधलेला पगार नसतो, हे आपल्या कष्टकरी घरांना कोणी सांगितलेलेच नसते. वर्ष-दोन वर्षांत काळा कोट खुंटीला लागतो आणि पोरगा मिळेल ती नोकरी धरतो. ओवे गावाहून पनवेलचे कोर्ट जवळ आहे. पण त्या कोर्टात पाय रोवून उभे राहणे सोपे नाही.

मोठ्या शहरांत आता वकिलांना व्यवसायाचे मार्गदर्शन पैसे घेऊन दिले जाते. अशील कसे सांभाळावे, फी कशी सांगावी, काम आणि घर यांचा मेळ कसा घालावा, हे तिथे शिकवतात. ज्यांचे वडील-आजोबा वकील, त्यांना हे घरीच फुकट मिळते. आपल्या मुलांना ते समाजाने द्यायला हवे, असे आम्हाला वाटते.

बाबासाहेबांची सुरुवात तरी कुठे सोपी होती? १९२२ साली ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सनदेसाठी पैसे मित्र नवल भथेना यांनी दिले. अस्पृश्य बॅरिस्टराकडे सॉलिसिटर काम पाठवीत नसत. तेव्हा जून १९२५ ते मार्च १९२८ त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. चवदार तळ्याचा दावा तर आपल्याच जिल्ह्यातला. डिसेंबर १९२७ मध्ये तो महाडच्या कोर्टात दाखल झाला आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. वकिलीत धीर म्हणजे काय, ते यावरून कळावे.

या यशाची किंमत घरानेही मोजली. १९२६ मध्ये राजरत्न गेला, १९३५ मध्ये रमाई गेल्या. त्यांनी सोसले ते समाजासाठी, आणि त्या काळी दुसरा इलाज नव्हता. आज आहे. म्हणून वकिलाच्या बायकोला "रमाईने सोसले, तूही सोस" असे सांगणे हा रमाईचा सन्मान नव्हे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, सनदेची फी. ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की बार कौन्सिलांनी कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त नोंदणी फी घेऊ नये. कायद्यात ती ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. जातीचा दाखला आधीच तयार ठेवा.

दुसरी, सीनियर. जो फक्त तारखा घ्यायला पाठवतो तो नको. जो दावा लिहायला बसवतो तो धरा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. सक्ती नाही, पण विचारायला लाजू नये. शिवाय कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ रोजी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणजे ही वर्षे वाया जात नाहीत.

तिसरी, घर. वकिलाची कमाई एका महिन्यात येते, दोन महिने येत नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक खर्चासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा अडचणीसाठी. आलेली फी अशी वाटली तर कोऱ्या महिन्यात भांडण होत नाही. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ लेकरांची. त्या वेळी अशिलाचा फोन घेऊ नये.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. "आपलाच वकील आहे" म्हणून फुकट काम सांगू नका. लग्नाच्या बँडला आपण आगाऊ पैसे देतो, मग वकिलाला का नाही? ज्यांची खरोखर ऐपत नाही, त्यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीच्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

विहाराच्या कमिट्यांना आमची विनंती आहे. महिन्यातला एक रविवार, दोन तास, समाजातल्या जुन्या वकिलांना नव्यांसोबत बसवा. सत्कार एकदाच होतो. हात मात्र पाच वर्षे धरावा लागतो.

जयभीम!