कोबॉलच्या माथी किती खापर फोडणार?

फ्रेशरच्या वाट्याला 'मेनफ्रेम सपोर्ट' आला की हिंजवडीच्या कँटीनमध्ये त्याचं सांत्वन सुरू होतं. लवकर रिलीज माग, नाहीतर करिअर संपलंच म्हणून समज. मेनफ्रेमवरची कोबॉल ही मेलेली भाषा, तिला धरून बसलेल्या बँका मागासलेल्या, आणि सगळं जावात नव्याने लिहिलं की दुखणं बरं होईल, असा हा पक्ष. त्याला पाठीराखेही थोर आहेत. कोबॉल शिकवणं हा गुन्हा मानावा, इथवर संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी १९७५ मध्येच मजल मारली होती.

यातलं खरं तेवढं आधी मान्य करू. १९५९ मध्ये आखायला घेतलेल्या या भाषेवर पंच कार्डाची छाप आहे. जुन्या मांडणीत ओळ ७२व्या रकान्यापुढे गेली, की पुढचा मजकूर कंपायलर मुकाट्याने सोडून देतो. एक पूर्णविराम चुकीच्या जागी पडला तर 'इफ'ची हद्दच बदलते. प्रोग्रॅममधली बहुतेक व्हेरिएबल्स एकाच डेटा डिव्हिजनमध्ये, कुठूनही बदलता येतील अशी. अशा कोडला हात लावायची भीती वाटते, ती काही खोटी नाही.

पण पैशाचा हिशेब बघा. कोबॉलमध्ये रकमेचं फील्ड जाहीर करतानाच रुपयांचे अंक किती आणि पैशांचे किती, हे लिहावं लागतं. दशांश चिन्हाची जागा 'व्ही' हे अक्षर ठरवतं आणि अशा फील्डची बेरीज-वजाबाकी दशमानात चोख होते. आता जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ची बेरीज विचारा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. ती बायनरीत मोजते, म्हणून हे घडतं. जावात आणि पायथनमध्ये अचूक दशांशाची सोय आहे, नाही असं नाही. पण ती आठवणीने वापरावी लागते. रात्रीच्या बॅचमध्ये लाखो खात्यांवर व्याज चढवताना कोणाच्या आठवणीवर विसंबायचं?

एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीत बेरोजगार भत्त्याचे अर्ज तुंबले आणि गव्हर्नर फिल मर्फींनी कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना साद घातली. म्हाताऱ्या भाषेने घात केला, अशी बोंब जगभर झाली. पुढे इतिहासकार मार हिक्स यांनी लिहिलं, की अडखळत होती ती अर्ज भरायची वेबसाइट, आणि ती होती जावातली! ही दुरुस्ती कितीजणांपर्यंत पोचली कोण जाणे.

सगळं नव्यावर नेलं की सुटलो, हेही तसंच. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहक नव्या प्रणालीवर हलवले. डेटा सुखरूप पोचला, प्रणाली मात्र कोलमडली. लाखो लोकांना स्वतःचं खातं उघडेना. २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड ठोठावला.

दुखणं भाषेत नाही, हरवलेल्या माहितीत आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये काही शाखांना वेगळा नियम लावणारी अट सापडते आणि ती का घातली हे सांगणारा माणूस केव्हाच निवृत्त झालेला असतो. ती अट डोळे झाकून जावात उतरवली तर अज्ञानही सोबत उतरतं. गाळली तर तिमाहीअखेर कोणाचं तरी व्याज चुकतं. भाषा खुशाल बदला. आधी नियम लिहून काढा, टेस्ट बांधा, जुनं-नवं काही महिने शेजारी चालवून रोजचा ताळा जुळवा. यातलं निम्मं काम झालं तरी बदलायची घाई ओसरते, असं माझं मत आहे.

आणि हे काम करणाऱ्यांना मान द्या. वाय-टू-केच्या, म्हणजे सन २०००च्या तारखांच्या गोंधळाच्या वेळी जुना कोड तपासूनच आपल्या आयटी कंपन्यांनी परदेशात बस्तान बसवलं. आज अप्रेझलमध्ये नवं मॉड्यूल लिहिणाऱ्याला वरचं रेटिंग, आणि रात्री अडीचला अ‍ॅबेंड (मध्येच बंद पडलेला प्रोग्रॅम) निस्तरून बँक वेळेवर उघडू देणाऱ्याला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. ते देणारे मॅनेजरच पुढच्या वर्षी कोबॉलची माणसं मिळत नाहीत म्हणून भाषेला बोल लावतात.