किल्ली कोणाच्या खिशात?

संस्था-संघटनांच्या पत्रकांच्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फाइली आज उघडून पाहा. मजकूर एखाद्या खाजगी फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. उर्दूचेही तेच. नव्वदच्या दशकात आलेल्या इनपेजने नस्तालीक साध्या संगणकावर आणली, हे त्याचे ऋण मान्यच करायला हवे. पण त्यात जुळवलेली फाइल थेट उघडायला आजही इनपेजच लागते. लेख आपला, किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सॉफ्टवेअर विकण्यात मला काहीच गैर वाटत नाही, माझे घरही त्यावरच चालते. मुद्दा किमतीपेक्षा ताब्याचा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशाचे कारण देऊन अडोबी कंपनीने व्हेनेझुएलातील सर्व खाती बंद करण्याचे जाहीर केले. पुढे परवानगी मिळाली आणि निर्णय फिरला. पण तोवर तिथल्या डिझायनरांच्या हातात काय होते? वाट पाहणे, एवढेच.

आपल्याकडे यावर ठरलेला तोडगा म्हणजे क्रॅक केलेली प्रत. नागरी हक्कांची भाषा बोलायची आणि पत्रक चोरीच्या सॉफ्टवेअरवर जुळवायचे, हे आपल्याला शोभत नाही. शिवाय त्या प्रतीसोबत व्हायरस आला तर तक्रार कोणाकडे करणार?

म्हणून मला मुक्त सॉफ्टवेअर हवे आहे. फुकट मिळते म्हणून नव्हे, तर त्याचा कोड उघडा असतो, तो कोणीही तपासू, सुधारू आणि वाटू शकतो म्हणून. पाया तयार आहे. लिहायला लिब्रेऑफिस आहे, चित्रांसाठी इंकस्केप आणि गिंप, पाने जुळवायला स्क्रायबस. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता आणि गूगलचा नोटो नस्तालीक उर्दू हे फॉन्टही खुल्या परवान्याचे आहेत.

यातली स्क्रायबसची गोष्ट मला फार आवडते. त्यात अरबी किंवा देवनागरी नीट जुळत नसे. ओमानमधल्या एका गटाला अरबी हवी होती. त्यांनी कंपनीला विनंतीपत्र पाठवले नाही, स्वतः कामाला लागले. त्या कामाचा फायदा देवनागरीलाही झाला. ओमानमध्ये कोणी घाम गाळला आणि माझी जोडाक्षरे सुधारली! केरळातही 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग'च्या स्वयंसेवकांनी आपल्या भाषेसाठी असेच फॉन्ट आणि साधने घडवली.

उणिवा आहेतच. एकाच पानावर मराठी आणि नस्तालीक उर्दू नेटकी बसवायला अजून झगडावे लागते. छापखान्यात गेलो की 'कोरलची फाइल आणा' हेच ऐकू येते. पण या उणिवा आपल्याच आहेत. मराठी आणि उर्दू एका पानावर छापायची गरज ज्यांना रोज पडते, असे लोक जगात किती? ही अडचण आपण मांडली नाही तर दुसरे कोण मांडणार?

तेव्हा एक सुरुवात करू या. पुढचे पत्रक युनिकोडमध्ये टाइप करा, स्क्रायबसमध्ये जुळवा आणि छापखान्याला पीडीएफ द्या. कुठे अक्षर तुटले तर त्याचे चित्र काढून बनवणाऱ्यांना कळवा. कोड येत नसेल तर मेनूतल्या शब्दांचे मराठी किंवा उर्दू भाषांतर करा. आणि जुने अंक युनिकोडमध्ये आणायचे काम, ते उघडणारे संगणक चालू आहेत तोवरच हाती घ्या.