नाव न छापण्याच्या अटीवर

'नाव न छापण्याच्या अटीवर एका अधिकाऱ्याने सांगितले...' पेपरात हे वाक्य आपण नेहमी वाचतो आणि पुढे जातो. इंग्रजी पेपरातून आलेली ही पद्धत. पण खरं सांगू का, आपल्या बायकांना ही अट मुळीच नवी नाही. 'ताई, सांगते, पण माझं नाव पुढे येऊ देऊ नका,' हे वाक्य भंडारदऱ्याच्या आसपासच्या गावांत फिरताना मी किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. कुठे सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न ठरलेलं असतं, कुठे शेजारी रोज मारहाण चाललेली असते.

'खरं बोलायचं तर नाव कशाला लपवायचं?' असं म्हणणारे असतात. म्हणायला काय जातंय! जिला त्याच पाणवठ्यावर जायचंय, त्याच माणसाच्या शेतात मजुरीला जायचंय, तिला विचारा. मोठ्या पदावरचा माणूस हीच अट घालून दुसऱ्यावर चिखल उडवतो, ते वेगळं. म्हणून आधी पाहावं, नाव लपवणारा कुणाला भितोय.

निनावी चिठ्ठी आणि ही अट यांत मात्र फरक आहे. चिठ्ठी कुणाची, कुणालाच ठाऊक नसतं. अटीवर बोलणारी बाई मात्र एका माणसाला आपलं नाव विश्वासाने सांगते. म्हणजे खरी जबाबदारी ऐकणाऱ्याची! अमेरिकेत वॉटरगेट प्रकरणात माहिती देणाऱ्याचं नाव वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रकारांनी तीस वर्षांहून अधिक काळ पोटात ठेवलं. २००५ साली मार्क फेल्ट यांच्या घरच्यांनी आणि वकिलाने ते उघड केलं, तेव्हाच जगाला कळलं.

आपल्याकडे काय झालं? महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंते सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला. नाव गुप्त ठेवा, अशी विनंतीही केली. तरी ते पत्र नावासकट या खात्यातून त्या खात्यात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गया इथे त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. तपासात ते लुटारूंचं कृत्य ठरलं. पण नाव फुटलं होतं, हे तर खरंच. पुढे २००४ मध्ये केंद्र सरकारने ठरवलं, की अशी तक्रार बंद पाकिटातून केंद्रीय दक्षता आयोगाकडे पाठवायची. नाव पाकिटावर लिहायचं नाही, आत लिहायचं. किती साधी गोष्ट! पण त्यासाठी एक जीव जावा लागला.

आमच्यासारख्या गावांत तर नुसतं नाव झाकून भागत नाही. 'भंडारदऱ्याजवळच्या एका वाडीतल्या अंगणवाडी सेविकेने सांगितले,' असं छापलं की झालं! वाडीत सेविका असते एकच. मुंबईच्या वार्ताहराला वाटतं, आपण अट पाळली. इकडे संध्याकाळपर्यंत तिच्या दारात माणसं उभी. बलात्कार झालेल्या बाईबाबत कायदा हे जाणतो. नुसतं नाव नव्हे, ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे. तीच काळजी इतर वेळी का घेऊ नये?

मैत्रिणींनो, बालविवाहासारखी गोष्ट कानावर आली तर १०९८ वर फोन करा. तो मोफत आहे, आणि फोन करणाऱ्याची ओळख गुप्त ठेवायची असते. आणि कधी एखादी बाई तुमच्याकडेच येऊन 'माझं नाव नका घेऊ' म्हणाली, तर घरी जाऊन जावेलाही सांगू नका. 'तुला म्हणून सांगते' या तीन शब्दांनी आजवर किती नावं फुटली असतील! एकदा नाव फुटलं, की ती बाई पुन्हा कधी तोंड उघडत नाही. आणि पुढच्या सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न बिनबोभाट लागतं.